इतिवृत्त, क्लाइपेदा बंदर

फेब्रुवारी. खाडीच्या तोंडाशी बर्फाचे पापुद्रे
एकमेकांवर चढताना कुरकुरतात.
सभेला अकरा जण. मी बारावी, भिंतीकडेला.
माझं काम एवढंच : बोललेलं उतरवून घेणं.

विषय पहिला : 'त्वारुस' बंदर.
आमच्या भाषेत त्वारुस म्हणजे टिकणारं,
हलवलं तरी न हलणारं. कुंपणाचा शब्दही
याच्याच घरातला.
माझे वडील तो फक्त शिडीबद्दल वापरायचे.

विगांतास बोलतो. गोदीत तेवीस वर्षं.
त्याच्या प्रत्येक आकड्याला एक शेपूट : दर पेटीमागे.
दर पेटीमागे डिझेल कमी, दर पेटीमागे धूर कमी,
नांगरलेल्या जहाजाला किनाऱ्यावरून वीज,
आणि भिंतीवर काचेत हिरवं प्रमाणपत्र,
एक खिळा जास्तच ठोकून बसवलेलं.

स्काइस्ते विद्यापीठातून आलीय. बुटांना चिखल.
"पेट्या किती वाढल्या?"
"दुप्पट," तो हसतो, "ती तर चांगली बातमी."
"मग गुणाकार केलात का?"

मी लिहिते : गुणाकाराबाबत विचारणा झाली.

ती बॅगेतून बरणी काढते, टेबलावर ठेवते.
तळाचा गाळ. एवढ्यात पूर्वी तीनशे जीव सापडायचे,
आता एकोणीस,
त्यातले अकरा कशालाच दाद न देणाऱ्या एकाच जातीचे.

विगांतास बरणीवर वाकतो.
"यातलं मी कुठल्या रकान्यात भरू?"

टिंगल नव्हती ती. त्याला खरोखरच रकाना हवा होता.
बँक रकाना मागते, जहाज कंपनी मागते,
रकाना नसलेल्या किड्यासाठी
कुणी पैसे मंजूर करत नाही.

मग तो विचारतो, जरा हळू आवाजात,
"पहाटे तीनला धक्क्यावर आलायत कधी?
वायव्येचा वारा सुटला की खताची धूळ
थेट एल्झेबाईंच्या दोरीवरच्या चादरींवर.
त्या मला फोन करतात, तुमच्या नियतकालिकाला नाही.
मी क्रेन थांबवतो. हे आहे कुठल्या निबंधात?"

नव्हतं.
स्काइस्तेनं वहीत काही लिहिलं, खोडलं,
पुन्हा लिहिलं.

दोघंही समुद्र म्हणत होते.
त्याचा समुद्र साडेपंधरा मीटर,
आणखी दीड मिळाला तर बरं.
तिचा समुद्र म्हणजे
ते दीड मीटर उकरून नेऊन टाकणार कुठे.

चहाच्या सुटीत पायऱ्यांपाशी म्हातारा एंद्रिकिस.
पेटीत स्तिंता, बोटभर लांबीचे चंदेरी मासे,
ताज्या चिरलेल्या काकडीचा वास येतो त्यांना,
नवख्या माणसाला पटत नाही.
विगांतास भाव विचारतो. स्काइस्ते कल्ला उघडून बघते.
दोघंही अर्धा किलो घेतात.

"कमी नाही झाले हो," म्हातारा म्हणतो,
"हल्ली मधून येत नाहीत, कडेकडेनं येतात."

दोघांनीही मान डोलावली.
दोघांनी वेगवेगळं ऐकलं असावं.

संध्याकाळी मसुदा. त्वारुस चौदा वेळा.
अध्यक्षांचा निरोप : सुरुवातीला एक व्याख्या घाला,
दोन्ही बाजूंना चालेल अशी.

मला शिडी आठवली.
नवी आणली की वडील लगेच चढत नसत.
सर्वात खालच्या पायरीवर उभं राहून
दोनदा उडी मारत, जड बुटांनिशी,
आणि कान देऊन ऐकत.

व्याख्येच्या जागी तीन ओळी मोकळ्या सोडल्या.
सह्या झाल्या. कुणी विचारलं नाही.
एका पानाला मात्र, फाइलीत लावलं तरी,
काकडीचा वास येतोय.